काजूची बी आणि आंब्याची पेटी

कोंकणच्या डोंगरउतारांवर आंबा आणि काजू हीं दोन झाडें शेजारीं शेजारीं वाढतांना दिसतात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें तीं एकाच कुळांतील भावंडें होत. घरगुती औषधांतला बिब्बा हाहि त्याच कुळांतला. बिब्बा अंगावर उततो आणि काजूच्या कवचांतील तेलहि तसेंच उततें, याचें कारण हेंच नातें. परंतु एकदां घरांत आलीं म्हणजे या दोन झाडांच्या फळांचें वागणें अगदीं निराळें होतें. काजूगर बरणींत महिनेच्या महिने राहतो. हापूस आंबा आठवड्याभरांत हातचा जातो. एकाविषयीं गृहिणीची तक्रार असते कीं, ‘गर खवट निघाला’; दुसऱ्याविषयीं ती म्हणते, ‘वरून सोन्यासारखा, पण आंत साका निघाला’. या दोन तक्रारींच्या मुळाशीं काय असतें, आणि त्या येऊं नयेत म्हणून संशोधक झाडाच्या जन्मापासून कोणती खटपट करीत आले आहेत, हें समजून घेण्याजोगें आहे.

काजू हा मूळचा आपल्याकडचा नव्हे. ब्राझीलच्या ईशान्य भागांतील हें झाड सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणिलें. ‘काजू’ हें नांवहि तेथील तुपी लोकांच्या भाषेंतून पोर्तुगीजांच्या तोंडीं आणि त्यांच्याकडून आपल्याकडे आलें. ज्याला सामान्यतः काजूचें फळ म्हणतात, तो रसाळ बोंडू वास्तविक फुलाचा फुगलेला देठ होय. खरें फळ म्हणजे त्याच्या टोंकाला लोंबणारी बी. त्या बीच्या जाड कवचांत दाहक तेल, तेलाच्या आंत कवचाचा दुसरा पापुद्रा, त्याच्या आंत तांबूस साल आणि त्या सालींत पांढरा गर, अशी ही निसर्गानें केलेली बंदोबस्ताची पेटी आहे. जोंपर्यंत ही पेटी फुटलेली नाहीं आणि कोरडी आहे, तोंपर्यंत आंतील ठेवा सुरक्षित असतो.

सुमारें चार शतकें हें झाड बियांपासूनच वाढविलें गेलें. परंतु बीपासून उगवलेलें झाड आईसारखेंच निपजेल अशी खात्री नसते. कीटक एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडावर नेतात, त्यामुळें प्रत्येक बींत दोन घराण्यांचें रक्त मिसळलेलें असतें. एकाच झाडाच्या दहा बिया पेरल्या तर दहा तऱ्हेचीं झाडें उभीं राहतात. एखादें लवकर मोहरतें, एखादें उशिरां. एकाची बी टपोरी, तर दुसऱ्याची चिंचोक्याएवढी. एकाचें कवच जाड व गर बारीक, तर दुसऱ्याचें याच्या उलट. बागाईतदाराला हा बेभरंवसा अडचणीचा वाटतो. संशोधकाला मात्र तेंच भांडवल असतें. कारण निवड करावयाची तर आधीं विविधता हवी.

या भांडवलावर काम करणारें आपल्याकडचें एक प्रमुख ठिकाण म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील वेंगुर्लें येथील प्रादेशिक फळ संशोधन केंद्र. दापोलीचें कोंकण कृषि विद्यापीठ १९७२ सालीं स्थापन झालें. हें केंद्र त्याच विद्यापीठाच्या छत्राखालीं चालतें. संशोधकांनीं प्रथम गांवोगांवच्या झाडांची पाहणी केली. वेंगुर्ल्याजवळच्या आणसूर गांवचें एक झाड गुणी ठरलें. त्याची निवड होऊन १९७४ सालीं ‘वेंगुर्ला १’ ही जात प्रसारित झाली. वेतोरें गांवच्या एका झाडाला ‘वेतोरें ५६’ असें नांव मिळालें व तें पुढें अनेक संकरांचें जनक झालें. बंगालमधील मिदनापूरच्या तांबड्या बोंडूच्या जातीशीं त्याचा संकर होऊन १९८१ सालीं ‘वेंगुर्ला ४’ ही जात बाहेर पडली. पुढें ‘वेंगुर्ला ३’ आणि तमिळनाडूंतील वृद्धाचलम् येथील ‘एम १०/४’ यांच्या संयोगांतून १९९७ सालीं ‘वेंगुर्ला ७’ जन्मास आली. आणसूर आणि वेतोरें हीं कोंकणांतील लहानशीं गांवें; पण त्यांचीं नांवें आज काजूच्या वंशावळींत कायमचीं कोरलीं गेलीं आहेत.

संकर हा शब्द उच्चारावयास सोपा आहे. कृति मात्र नाजूक आहे. काजूच्या एका मोहोरांत शेंकडों फुलें असतात. त्यांतील बहुतेक नुसतीं नर असतात. द्विलिंगी फुलें थोडीं. अशा द्विलिंगी फुलांत एक पुंकेसर इतरांहून ठळक व मोठा असतो. फूल उमलण्यापूर्वीं तो चिमट्यानें काढून टाकावयाचा, फुलावर पिशवी बांधावयाची, आणि सकाळच्या वेळीं निवडलेल्या पित्याचा पराग आणून स्त्रीकेसराच्या टोंकावर लावावयाचा. इतकें करूनहि बहुतेक फुलें गळतात. जें टिकतें त्यांतून मिळते ती एकच बी. ज्वारीच्या एका कणसांत संशोधकाला शेंकडों दाणे मिळतात. काजूंत एका यशाला एक दाणा. ती बी पेरून झाड फळावर येण्यास कांहीं वर्षें जातात. नंतर अनेक हंगाम त्याचें उत्पन्न मोजावें लागतें, त्याचीं कलमें करून तीं निरनिराळ्या जमिनींत पारखावीं लागतात. म्हणजे ज्या तरुणानें परागाचा पहिला कण लावला, त्याचे केंस पिकूं लागले तरी निर्णय हातीं आलेला नसतो.

एकदां झाड पसंत ठरलें म्हणजे बियांचा मार्ग सोडून कलमांचा मार्ग धरावा लागतो. कोंवळ्या रोपाचा शेंडा कापून त्याच्या चिरेंत मातृवृक्षाची पाचर केलेली काडी बसवितात. यालाच मृदुकाष्ठ कलम म्हणतात. अशा प्रत्येक कलमांत मूळ झाडाचे गुण जसेच्या तसे उतरतात. वेंगुर्ल्याच्या जाती बागाईतदारांच्या दारापर्यंत पोहोंचल्या त्या या साध्या चाकूच्या कामामुळें.

या जातींत सुधारणा झाली ती कोणती, हें एका सोप्या हिशेबानें ध्यानांत येईल. काजूगरांचा व्यापार आजहि पौंडाच्या जुन्या मापानें चालतो. एका पौंडांत, म्हणजे ४५४ ग्रॅममध्यें, अखंड गर जितके बसतात, तितका त्यांच्या प्रतीचा आंकडा. ‘डब्ल्यू ३२०’ या प्रतींत सुमारें ३२० गर. ‘डब्ल्यू १८०’ मध्यें सुमारें १८०. आंकडा जितका लहान, तितका गर मोठा आणि भाव अधिक. ‘वेंगुर्ला १’ ची बी सरासरीनें ६.२ ग्रॅम भरते व तिच्यांत गराचें प्रमाण शेंकडा ३१. म्हणजे एक गर १.९ ग्रॅमचा आणि प्रत सुमारें २४० ची. ‘वेंगुर्ला ४’ ची बी ७.७ ग्रॅमची, तिचा गर २.४ ग्रॅमच्या घरांत जातो. ‘वेंगुर्ला ७’ ची बी १० ग्रॅमची व गर सुमारें ३ ग्रॅमचा. म्हणजे १८० च्या पलीकडची प्रत. पाव शतकाच्या आंत कोंकणांतील गर दीडपट झाला, असें या आंकड्यांवरून म्हणतां येईल.

परंतु निसर्ग एका हातानें देतो तें बऱ्याच वेळां दुसऱ्या हातानें वसूल करितो. २००१ सालच्या ‘वेंगुर्ला ८’ ची बी याहूनहि मोठी, ११.५ ग्रॅमची आहे; पण तिच्यांत गराचें प्रमाण शेंकडा २८ च्या आसपास उतरतें. बी वाढली तरी वाढलेल्या वजनांतील मोठा वांटा कवचानें घेतला. शिवाय सामान्यतः बी मोठी झाली कीं झाडावरील बियांची संख्या घटूं लागते. ओल्या मोहोरावर सोंड खुपसणारा ढेकण्या आणि खोड पोखरणारा किडा यांना तर बी मोठी कीं लहान याच्याशीं कर्तव्यच नसतें. म्हणून नवी जात ठरवितांना एकाच गुणाकडे पाहून चालत नाहीं. लवकर मोहरणें, बियांचें वजन, गराचें प्रमाण, गर अखंड निघण्याची सोय, किडींना तोंड देण्याची शक्ति, या सर्वांचा मेळ घालावा लागतो. आणि तो पूर्णपणें कधींच बसत नाहीं.

आतां बी झाडावरून उतरल्यानंतरची हकीकत. येथें पहिला नियम असा कीं, बोंडू पिकून आपोआप खालीं पडला पाहिजे. घाईनें तोडलेल्या कच्च्या बींतला गर सुरकुततो आणि पुढें कितीहि जपलें तरी सुधारत नाहीं. दुसरा नियम सुकविण्याचा. ताज्या बींत ओलावा पुष्कळ असतो. दोन-तीन दिवस कडक उन्हांत वाळवून तो शेंकडा ८ च्या आसपास आणावा लागतो. तसें न केल्यास पोत्यांत बुरशी येते व गर काळवंडतो. पुढें कारखान्यांत बी वाफवून, फोडून, गर वाळवून, साल काढून तयार होतो तेव्हां त्यांतील ओलावा शेंकडा ५ हून अधिक असूं नये, असा दंडक आहे.

हा तयार गर म्हणजे निम्म्याच्या जवळपास तेल होय. तेलाला हवेंतील प्राणवायु लागला कीं त्याचे घटक फुटतात व खवट वास सुटतो. काजूच्या तेलांत ओलिक आम्लाचा भाग मोठा असल्यामुळें तें अक्रोडाच्या तेलाहून पुष्कळ अधिक टिकाऊ आहे. अक्रोड त्याच्या आधीं खवटतो तो यामुळेंच. तरी काजूलाहि हवा सोसत नाहीं. म्हणून निर्यातीच्या व्यापारांत पंचवीस पौंडी पत्र्याच्या डब्यांतील हवा काढून घेऊन त्यांत कार्बन डायॉक्साइड वायु भरण्याची पद्धत रूढ झाली. या वायूनें दोन कामें होतात: प्राणवायूला जागा उरत नाहीं आणि आंत राहिलेला कीटक जगत नाहीं. अलीकडे डब्यांच्या जागीं नत्रवायु भरलेल्या अभेद्य पिशव्या आल्या आहेत. तत्त्व तेंच आहे.

घरांतल्या बरणीलाहि हेंच तत्त्व लागू पडतें. फुटक्या पाकळ्यांना हवा अधिक बाजूंनीं लागते, म्हणून अखंड गराहून तुकडा लवकर खवटतो. तो थोडाच आणावा. बरणी घट्ट झांकणाची, कोरडी आणि गार जागीं असावी. भाजलेला किंवा तळलेला गर साठवूं नये. लागेल तेवढाच भाजावा.

काजूच्या पिकांत एक मोठी हळहळ मात्र राहून जाते, ती बोंडूची. संत्र्याच्या कित्येक पट ‘क’ जीवनसत्त्व असलेला हा रसाळ बोंडू पातळ सालीमुळें एका दिवसांत पाझरूं लागतो. गोव्यांत त्याची हुर्राक व फेणी होते. इतरत्र बीं तेवढी घेऊन बोंडू झाडाखालीं कुजूं देतात. बी टिकते म्हणून तिला किंमत आली. बोंडू टिकत नाहीं म्हणून तो कवडीमोल झाला. फळाची योग्यता त्याच्या चवीइतकीच त्याच्या टिकण्यानें ठरते, याचा याहून स्पष्ट दाखला मिळणें कठीण.

आंब्याच्या बाबतींत प्रश्न मुळांतच निराळा आहे. वाफविलेला काजूगर निर्जीव असतो. त्याचें जतन म्हणजे केवळ तेलाचें जतन. आंबा झाडावरून उतरला तरी जिवंत असतो. तो श्वसन करितो, उष्णता सोडतो, आणि स्वतःच निर्माण केलेल्या एथिलीन वायूनें पिकत जातो. त्याला टिकविणें म्हणजे त्याचें आयुष्य न थांबवितां मंद करणें. इंग्लंडांत केंब्रिज येथें किड् व वेस्ट या शास्त्रज्ञांनीं १९२० नंतरच्या दशकांत सफरचंदांवर प्रयोग करून दाखविलें कीं, कोठीच्या हवेंत प्राणवायु कमी व कार्बन डायॉक्साइड अधिक ठेविल्यास फळाचा श्वास मंदावतो व तें अधिक दिवस ताजें राहतें. काजूच्या डब्यांतला वायु तो हाच. पण तेथें तो मृत तेलाचा पहारेकरी असतो, आणि येथें जिवंत फळाला गुंगी आणणारा वैद्य.

आपल्याकडे याच सुमारास पुण्याजवळ गणेशखिंडीच्या फळ संशोधन केंद्रांत आंब्याचें शीतगृहांतील वर्तन तपासण्यांत येत होतें. १९३२ व १९३३ सालीं मुंबई इलाख्यांतून हापूस आंबा युरोपांत पाठविण्याचे प्रयोग झाले आणि चीमा व दाणी यांनीं १९३४ सालीं त्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. आंबा हा उष्ण प्रदेशाचा रहिवासी असल्यामुळें त्याला सफरचंदासारखी कडक थंडी मानवत नाहीं, ही गोष्ट अशा प्रयोगांतून स्पष्ट होत गेली. साधारणतः १२-१३ अंश सेल्सियसच्या खालीं पुष्कळ दिवस ठेवलेल्या कच्च्या आंब्याची साल काळवंडते आणि तो पुढें धड पिकत नाहीं. कच्चा आंबा घरच्या शीतकपाटांत ठेवूं नये तो याचसाठीं. आढींत पिकल्यावर मग ठेवण्यास हरकत नाहीं.

१९३४ च्या त्याच अहवालांत हापूसच्या एका आंतल्या विकाराची शास्त्रीय नोंद आहे. कोंकणांत त्याला साका म्हणतात. कोयीभोंवतालचा गर पांढुरका, भुसभुशीत व आंबट राहतो; मध्यें पोकळ्या दिसतात. बाहेरून मात्र रंग, वास, आकार यांत कोठेंहि उणें नसतें. डाग पडलेलें फळ निवडून काढतां येतें. साका सुरी लागेपर्यंत कळत नाहीं. क्ष-किरणांनीं तो दिसतो, परंतु पेटींतला प्रत्येक आंबा अशा यंत्राखालून नेणें सामान्य बागाईतदाराच्या आवांक्याबाहेरचें आहे. त्यामुळें पेटींतील चार आंबे साक्याचे निघाले तर गिऱ्हाइकाचा विश्वास उरलेल्या चवेचाळीस आंब्यांवरूनहि उडतो.

याचें कारण शोधतांना अनेक मतें पुढें आलीं. तापलेल्या कातळांतून वर येणारी उष्णता फळाला भोंवते, असें एक मत. म्हणून झाडाखालीं गवताचें आच्छादन ठेवण्याचा आणि फळ पुरतें पिकूं न देतां चौदा आणे तयार झालें कीं झेल्यानें उतरविण्याचा सल्ला देण्यांत येतो. बंगळूर येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनीं आणखी एक बाजू दाखविली. फळ झाडावर असतांनाच आंतील कोय रुजण्याची तयारी सुरू करिते आणि त्या उलाढालींत गराचें पिकणें बिघडतें, असें त्यांचें म्हणणें. हे दोन्ही विचार परस्परांचे वैरी नव्हत. उष्णता ही कोयीच्या त्या घाईला चेतविणारी असूं शकेल.

येथपर्यंत उपाय होते ते तोडणीचे व हाताळणीचे. दापोलीच्या संशोधकांनीं प्रश्न झाडाच्या जन्मापर्यंत मागें नेला. हापूस एक वर्ष लागतो, दुसऱ्या वर्षीं रुसतो, आणि त्यांत साका होतो. दक्षिणेकडील नीलम दरवर्षीं फळतो व उत्तम टिकतो, मात्र त्याला हापूसची सर नाहीं. या दोहोंच्या संकरांतून १९८१ सालीं ‘रत्ना’ ही जात निर्माण झाली. ती नियमित फळते, तिच्या गरांत रेषा नसतात, आणि साका होत नाहीं. रत्नेचा पुन्हा हापूसशीं संकर करून १९९२ सालीं अगदीं पातळ कोयीची ‘सिंधु’ जात मिळविण्यांत आली. बंगळूरलाहि हापूस व बंगनपल्ली यांच्या संकरांतून ‘अर्क पुनीत’ ही साकामुक्त व टिकाऊ जात तयार झाली. जो दोष साठवणीचा किंवा हवामानाचा म्हणून सोसला जात होता, तो घराण्यांत बदल केल्यानें जाऊं शकतो, हें या जातींनीं सिद्ध केलें.

असें असूनहि रत्नागिरी आणि देवगडच्या बागांत राज्य हापूसचेंच आहे. काजूच्या नव्या जाती बागाईतदारानें आनंदानें उचलल्या, आंब्याच्या मात्र त्या मानानें थोड्या. याचें कारण शेतांत नसून शहरांतील जेवणाच्या पाटावर आहे. काजूगर घेणारा कोणी ‘हा वेतोऱ्याचा कीं मिदनापूरचा’ असें विचारीत नाहीं; तो फक्त आकार व रंग पाहतो. आंबा घेणारा नांव विचारतो. हापूस या नांवांत चव, वास, अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त आणि तीन पिढ्यांची आठवण सामावलेली आहे. तेव्हां गिऱ्हाईक रत्नेला हापूसच्या बरोबरीचा भाव देत नाहीं, आणि भाव नसतां बागाईतदार पंचवीस वर्षांची हापूसची बाग तोडून नवी लावावी, असें त्याला कोणत्या तोंडानें सांगावें? संशोधकाची पंधरा-वीस वर्षांची मेहनत अशा रीतीनें शेवटीं शहरांतील गृहस्थाच्या निवडीवर येऊन ठेपते. नव्या जातीची एखादी पेटी नांव विचारून मागविणें, तिची चव प्रामाणिकपणें पारखणें, आणि पसंत पडल्यास पुढल्या वर्षीं पुन्हा मागणें, एवढें जरी घरोघर झालें तरी संशोधनाला तो मोठाच आधार होईल. त्याचप्रमाणें मोसमाच्या आधींच पिंवळाधमक आंबा हवा हा हट्ट सोडला, तर बंदी असलेल्या कॅल्शियम कार्बाइडनें फळ पिकविण्याचा मोहहि ओसरेल.

या सर्व हकीकतींतून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. आणसूरचें झाड व वेतोऱ्याचें झाड ही कोणी मुद्दाम घडविलेलीं नव्हतीं. गांवच्या बरडावर बीपासून उगवलेल्या असंख्य झाडांतून तीं सांपडलीं. आज कलमांच्या बागा वाढत आहेत, आणि तें इष्टच आहे. परंतु कलमांच्या बागेंत शेंकडों झाडें म्हणजे एकाच झाडाच्या शेंकडों प्रति असतात. एका किडीला किंवा एका लहरी हंगामाला त्या सर्वांचें उत्तर सारखेंच असणार. पुढें वेगळें उत्तर देणारें झाड हवें झालें तर तें जुन्या गांवठी काजूंत आणि रायवळ आंब्यांतच शोधावें लागेल. कर्नाटकांतील पुत्तूर येथें १९८६ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय केंद्रांत काजूच्या नाना जातींचा संग्रह राखला आहे. परंतु संग्रहांत तेंच झाड येतें, जें कोणाच्या तरी नजरेस वेळींच पडलें. बांधावरचें जुनें झाड सरपणासाठीं तोडण्यापूर्वीं त्याची बी किती वजनाची, त्याचें फळ किती दिवस टिकतें, हें एकदां पाहून ठेविलें पाहिजे. उद्यांच्या जातीची माता कदाचित् त्याच बांधावर उभी असेल.